खोलीची चौथी बाजू

आमच्या बालाघाटच्या घरामागे, जिथे पूर्वी पेरूचं झाड होतं, तिथे सध्या एक पांढरी पत्र्याची गाडी उभी आहे. तिला स्वतःचं इंजिन नाही, जीपच्या मागे जोडून ओढायची. आत एक पलंग, एक खुर्ची, हात धुवायचं बेसिन आणि भिंतीत पिशवी टांगायचा हूक. हँडल फिरवलं की गाडीची डावी बाजू टेबलाच्या खणासारखी बाहेर सरकते आणि आतली खोली अडीच फुटांनी रुंद होते. ही बाहेर सरकणारी पेटी आणि गाडीची भिंत यांच्यात कुठे फट राहते का, हे तपासण्यात माझा सबंध उन्हाळा गेला. मी त्याला तपासणी म्हणायचो. बायकोच्या मते मला येड लागलं होतं, आणि तिचं मत मला टाळता येत नव्हतं, कारण गाडी तिच्यासाठीच होती.

तीन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं. डॉक्टरांनी पोटाचं डायलिसिस सांगितलं. पोटावर एक बारीक नळी कायमची बसवलेली असते. दिवसातून तीन वेळा तिला पिशवी जोडायची, पोटातलं जुनं पाणी काढायचं आणि दोन लिटर नवं भरायचं. घरच्या घरी होतं, हे त्यातलं सुख. धाक एवढाच की नळी जोडताना आणि सोडताना तिच्या उघड्या टोकाला कशाचाही स्पर्श होता कामा नये, अगदी वाऱ्याबरोबर आलेल्या धुळीचाही. म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात साबणाने कोपरापर्यंत धुतलेले. मे महिन्यात बालाघाटात पंखा बंद करून अर्धा तास बसून पाहावं, म्हणजे माणसाला स्वतःच्या स्वभावाची नीट ओळख होते. माझा स्वभाव तापट आणि घाबरट आहे. दोन्ही एकत्र असले की घरच्यांचे हाल होतात.

घरातली एक खोली आम्ही त्यासाठीच ठेवली होती. त्या खोलीबाहेर ती एकदाच राहिली, मागच्या वर्षी लामत्याला, पुतण्याच्या लग्नात. परत आलो आणि तिसऱ्या दिवशी पोटातून निघालेलं पाणी तांदूळ धुतल्यासारखं गढूळ आलं. मग ताप, पोटात कळा, गोंदियाचा दवाखाना, अकरा दिवस. निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, ‘पुन्हा असं झालं तर पोटाचा पडदा निकामी होऊ शकतो. मग हा मार्ग बंद समजा.’ लग्नघरची धूळ लागली, असं सगळ्या नातेवाइकांनी ठरवून टाकलं. मीही मान डोलावली. त्या आजारपणानंतर तिच्या बोटांची टोकं बधिर झाली, पिशवीची बारीक झाकणं तिला उघडता येईनात, आणि नळी जोडायचं काम माझ्याकडे आलं.

तिची थोरली बहीण बिरसाच्या पुढे एका खेड्यात राहते. दोघी बहिणी लहानपणापासून बुद्धपौर्णिमेची खीर मिळून करत आल्या. एक दूध आटवणार, दुसरी तांदूळ निवडणार, आणि वेलची किती घालायची यावर दरवर्षी भांडण. गेली तीन वर्षं आजारपणामुळे बायकोला जाता आलं नव्हतं. या वर्षी माघात थोरली अंगणात पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि ती अंथरुणाला खिळली. तिचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. फोन स्पीकरवर होता.

‘यंदा पुनवेले ये वो. पुढच्या पुनवेले मी असन का नाही, काय भरोसा.’

बायकोने ‘येतो न ताई’ म्हणून फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

जाऊन त्याच दिवशी परत यायचं म्हटलं तर बैहरच्या घाटातून जायला साडेतीन तास, यायला तेवढेच, वर दुपारची पिशवी बदलायला वेळेत घरी पोचायचं. म्हणजे बहिणीजवळ दहा मिनिटं बसणं. राहायचं म्हटलं तर त्या घरात बंद होईल अशी खोलीच नाही. आढ्याला कौलं, कौलांतून उजेड येतो, शेजारी गोठा, ओसरीत धानाची पोती. जेवायला बसलं की ताटात वरून काहीबाही पडतं आणि घरचे लोक ते सवयीने चिमटीत धरून बाजूला करतात. मी चिडलो की आकडेमोड करतो. तशी ती दोन दिवस केली आणि शेवटी ठरवलं की खोली तिकडे नसेल तर आपण इकडून घेऊन जाऊ.

परदेशातल्या लोकांच्या अशा ओढायच्या गाड्या मी फोनवर पाहिल्या होत्या. त्यांची भिंत बाहेर सरकलेली पाहून मी ताडकन उठून बसलो होतो, कारण माझ्या अडचणीवर नेमका तोच उपाय होता. थोरलीच्या घराकडे जाणारी गल्ली विहाराची भिंत आणि हातपंपाचा ओटा यांच्यामधून जाते. तिथून सहा फुटांपेक्षा रुंद गाडी जात नाही, आणि सहा फुटांत पलंग टाकला की नळी जोडणाऱ्याला उभं राहायला जागा उरत नाही. गल्लीतून अरुंद जायचं आणि अंगणात पोचल्यावर रुंद व्हायचं, असं हवं होतं.

आमच्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा एक मिस्त्री आहे. परसवाड्याचा मूळचा, हात सोन्यासारखा, बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. त्याने माझ्या फोनमधला व्हिडिओ तीनदा पाहिला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, ‘बन जाएगा साहेब. पर ये डब्बा अंदर-बाहर करेगा तो साइड से हवा-पानी घुसेगा. उसका काय करायचं?’

‘ते माझ्याकडे लागलं,’ मी म्हणालो.

हे मी उगाच म्हणालो नव्हतो. नोकरीची तीस वर्षं मी सिंचाई खात्यात काढली, आणि त्यातली बरीचशी लहानमोठ्या तलावांच्या लोखंडी दरवाजांवर. दरवाजा आणि चौकट यांच्यामधलं रबर कसं बसवायचं, किती दाबायचं, कुठे जोड द्यायचा, यात माझा शब्द शेवटचा असायचा. माझ्या दरवाजातून पाणी झिरपतं, असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. पेटी सरकवायला मी दरवाजा उचलायच्या हँडलसारखीच दातेरी पट्टी आणि हँडल करून घेतलं. पहिल्यांदा ते फिरवलं आणि खोली हळूहळू बाहेर आली, तेव्हा मला निवृत्तीनंतर पहिल्यांदा आपण कामाचे आहोत असं वाटलं.

मग तपासणी सुरू झाली. रबर आणि भिंत यांच्यामध्ये कागदाची पट्टी ठेवायची, पेटी आवळायची आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर तिथे रबर सैल. असं वीत-वीतभर अंतरावर. दुपारी गाडीवर ताडपत्री टाकून आत दिवा लावायचा आणि ताडपत्रीखाली शिरून बाहेरून उजेड दिसतो का पाहायचं. रबरावर रांगोळी भुरभुरायची, पेटी आवळायची, पुन्हा सोडायची, आणि भिंतीवर रांगोळीची रेघ कुठे तुटली ते बघायचं. रेघ तुटली तिथे रबर टेकत नाही. ही रांगोळीची युक्ती खात्यातली आहे, तिथे आम्ही खडूची पूड वापरायचो. शेवटी बागेतला पाइप लावून अर्धा तास पाण्याचा मारा. मी एक कागद करून आत चिकटवला होता. डावी बाजू, उजवी बाजू, तळ, असे तीन रकाने, आणि रोज संध्याकाळी खाली माझी सही.

‘सही कोनाले दाखवता?’ बायको विचारायची. ‘साहेब तुम्ही, बाबू तुम्ही, चपराशी बी तुम्हीच.’

मी हसायचो नाही. तेव्हा हसू येतच नव्हतं. रात्री झोपेतून जागा झालो की आधी तिच्या श्वासाचा आवाज ऐकायचो आणि मग रबराचा विचार सुरू व्हायचा. खालच्या उजव्या कोपऱ्यात जोड नीट बसला का? उन्हात रबर आकसलं तर? घाटातल्या खड्ड्यांनी चौकट वाकली तर? दरवाजातून पाणी गळलं तर एखाद्याच्या बांधात चिखल होतो. इथे गळलं तर काय होईल, ते मी अकरा दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून पाहिलं होतं.

सगळ्या तपासण्यांत गाडी पास झाली. पाण्याचा थेंब आत आला नाही. मिस्त्री छातीवर हात ठेवून म्हणाला, ‘अब टेंशन मत लो साहेब, एकदम फिट हाय.’ पौर्णिमेला आठ दिवस होते. बायकोने पलंगावर पांढरी चादर घातली, पिशव्यांची खोकी मोजून पलंगाखाली रचली, आणि बहिणीला फोन करून तांदूळ निवडून ठेवायला सांगितले.

त्याच दुपारी आंधी आली. आमच्याकडे मेमध्ये अशी येतेच. आभाळ पिवळं होतं, पत्रे वाजायला लागतात आणि रस्त्यावरून मँगनीजच्या खाणीकडून येणाऱ्या ट्रकांनी पाडलेली सगळी काळी धूळ एकदम घरांवर चालून येते. अर्ध्या तासात सगळं शांत झालं. मी गाडीचं दार उघडून आत गेलो, ते केवळ स्वतःची पाठ थोपटून घ्यायला. पलंगाच्या उशाकडे, चादरीवर, बोटभर रुंदीचा काळा पट्टा पडलेला होता.

मी खुर्चीत बसलो. जिथे तिचं डोकं असणार, जिथे पिशवी टांगलेली असणार, नेमक्या तिथेच ती धूळ होती. ज्या खोलीने पाण्याला अर्धा तास आत येऊ दिलं नाही, तिने धुळीला वाट दिली होती. आणि मी मात्र दोन महिने पाण्याचाच मारा करत बसलो होतो.

दोन दिवस मी गुडघ्यांवर बसून फट शोधली. डावी बाजू, उजवी बाजू, तळ. कागदाच्या पट्ट्या, रांगोळी, दिवा. सगळीकडे रबर घट्ट. मिस्त्रीला बोलावलं, त्याच्यावर ओरडलो, त्याने ऐकून घेतलं. बायकोवर ओरडलो, तिने ऐकून घेतलं नाही. शेवटी दुसऱ्या दिवशी दुपारी ती चहाचा कप घेऊन दारात आली, चादरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘धूळ वरून पडते न बाप्पा. तुम्ही खाली काहून वाकून राह्यले?’

मी उठलो. स्टूल ओढलं, वर चढलो, पेटीच्या माथ्यावरून बोट फिरवलं. बोट आत गेलं. पेटीचा माथा आणि गाडीची भिंत यांच्यामध्ये सरळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फट होती. तिथे रबर नव्हतंच. वर मिस्त्रीने पत्र्याचा एक छज्जा लावला होता. त्याच्यावरून पाणी घरंगळून जायचं, आणि त्याच्याआड लपलेला उजेड खाली उभ्या माणसाला दिसायचा नाही. वाऱ्याबरोबर उडणारी धूळ मात्र छज्ज्याखालून वळून आत शिरत होती.

तलावाच्या दरवाजाला वर रबर नसतं. खाली असतं आणि दोन्ही बाजूंना असतं. वरची कड पाण्याच्या वर राहते, तिकडून काही येत नाही, म्हणून तिकडे कोणी पाहत नाही. तीस वर्षांत मी शेकडो दरवाजे पाहिले आणि प्रत्येकाच्या तीन बाजू पाहिल्या. माझ्या कागदावरचे रकानेसुद्धा तीनच होते. रोज संध्याकाळी मी त्या तीन रकान्यांखाली सही करत होतो आणि चौथ्या बाजूची मला आठवणही नव्हती. आणखी लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे मिस्त्रीने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, ‘साहेब, ऊपर भी रबर लगा दूं?’ आणि मी साहेबी आवाजात म्हणालो होतो, ‘ऊपर की जरूरत नहीं.’ त्या दिवशी तो आला तेव्हा त्याने स्टुलावर चढून फट पाहिली, खाली उतरला, आणि त्या संभाषणाची आठवण मला करून दिली नाही. चांगला माणूस आहे. मीच सांगितलं, तेव्हा ‘होतं साहेब’ एवढंच म्हणाला.

तो रबर आणायला गेला आणि मी त्या खोलीत एकटा बसून राहिलो. तेव्हा जे मनात आलं ते इथे लिहून टाकतो, कारण माझी ही सगळी धडपड रबराची नव्हतीच, हे मला आधीपासून ठाऊक होतं. लामत्याच्या लग्नात पिशवी बदलायला ती मागच्या एका खोलीत दार लोटून बसली होती आणि कुणी येऊ नये म्हणून मला सांगून ठेवलं होतं. मी पंगतीत वाढत होतो. पाहुणे, हशा, बुंदीची परात. बराच वेळ झाला, ती जेवली नाही, म्हणून मी ताट घेऊन गेलो आणि विसरून दार उघडलं. ती पाठमोरी बसली होती. नळीचं टोक तिच्या हातात उघडं होतं. माझ्या तोंडाला मास्क नव्हता, आणि मांडवातल्या मोठ्या पंख्याचा झोत माझ्या मागून थेट खोलीत शिरला. मी तसाच मागे सरलो, दार ओढून घेतलं, आणि ताट घेऊन परत पंगतीत गेलो. तिने मागे वळून पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ आलं आणि सगळे लग्नघराच्या धुळीला नावं ठेवू लागले. मी काही बोललो नाही. वर्षभर बोललो नाही. डॉक्टरांनासुद्धा सांगितलं नाही.

रबर आलं. मिस्त्रीने माथ्यावर अख्खी पट्टी चिकटवली, कोपऱ्यांत आडवे तुकडे दिले. या वेळी मी पाइपाला हात लावला नाही. पलंगावर बायकोची जुनी काळी शाल पसरली, पेटी आवळली, आणि मिस्त्रीला त्याच्या भट्टीचा ब्लोअर लावून बाहेरून छज्ज्याखाली रांगोळी उडवायला सांगितली. पांढऱ्या धुरळ्यात तो स्वतःच ओळखू येईनासा झाला. दार उघडून पाहिलं तर शालीच्या एका टोकाला चार-पाच पांढरे कण. कोपऱ्यात आणखी एक तुकडा घातला. पुन्हा ब्लोअर. या खेपेला शाल काळी कुळकुळीत. मी तिसऱ्यांदा करून घेतलं. चौथ्यांदा. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला पुन्हा बोलावलं, तेव्हा तो आला, पण ब्लोअर घरी ठेवून आला.

‘साहेब, अब रबर घिस जाएगा,’ तो म्हणाला.

पौर्णिमा दोन दिवसांवर आली आणि मला निघवत नव्हतं. जीपचे ब्रेक पाहू, म्हणालो. उन्ह फार आहे, म्हणालो. पुढच्या महिन्यात जाऊ, तेव्हा धूळ बसलेली असेल. बायको पिशवी भरत होती, ती थांबली.

‘तुम्ही नाई आले तं मी बैहरच्या मोटरीनं जातो. ताईच्या ओसरीत बसून बदलतो पिशवी. समजलं का?’

ती असं करू शकेल, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मी मुकाट्याने जीप काढली.

घाट संथपणे चढलो, दर वळणावर मी आरशात मागच्या गाडीकडे बघत होतो. विहाराच्या भिंतीपासून गाडी चार बोटांच्या अंतराने निसटली. अंगणात चाकांखाली दगड लावून पाणसळ लावून गाडी समतल केली, हँडल फिरवलं, पेटी बाहेर आली. गावातली माणसं गोळा झाली होती. एक म्हातारा म्हणाला, ‘अरे बाप रे, घराले पोट सुटलं.’ बायको मनापासून हसली. थोरलीची खाट तिच्या सुनेने दारात आणून ठेवली होती. दोघी बहिणींनी एकमेकींचे हात धरले आणि लगेच वेलचीवरून सुरू झाल्या.

दुपारची पिशवी बदलायची वेळ झाली तेव्हा वारा सुटला होता. खळ्यावरचा भुसा उडत होता. मी दार लावलं, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, मास्क चढवला, हात धुतले. पुन्हा धुतले. खोलीत भट्टी पेटल्यासारखं होत होतं, आणि बाहेर भुसा पत्र्यावर सरसर वाजत होता. मी माथ्याकडच्या रबराकडे पाहिलं, मग चादरीकडे, पुन्हा रबराकडे.

‘माझ्याकडे पाहा,’ ती म्हणाली.

मी झाकण काढलं, नळी जोडली, चाप सोडला. पोटातलं पाणी खालच्या पिशवीत उतरायला लागलं. आता वीस मिनिटं काहीच करायचं नव्हतं. ती उशीला टेकून बसली होती आणि मी खुर्चीत, दोघांच्या गुडघ्यांमध्ये वीतभर अंतर. आणि माझ्याने राहवेना. मास्कच्या आतूनच मी सगळं सांगितलं. लामत्याचं दार, हातातलं ताट, मांडवातला पंखा. तुला मीच आजारी पाडलं, असं म्हणालो.

तिने डोळे मिटले. पाणी उतरण्याचा बारीक आवाज येत होता.

‘मले मालूम हाय,’ ती म्हणाली. ‘पाठीले वारा लागला होता. तुमच्या चपलेचा आवाज मले कळत नाई का? चाळीस वर्षं झाली आयकून राह्यली.’

‘मग बोलली काहून नाई? वर्षभर?’

‘माझी बोटं गेली होती. पिशवी आता तुम्हालेच लावा लागते, हे मले दवाखान्यातच समजलं होतं. तेव्हा बोलली असती, तं तुमचा हात रोज तीनदा थरथरला असता. अन् मले तं तोच हात पाह्यजे होता.’

मी माझ्या हातांकडे पाहिलं. ते थरथरत होते. तिनेही पाहिलं.

‘आता थरथरू द्या,’ ती म्हणाली. ‘नळी सोडाले अजून येळ हाय.’